गॅरेजमधून आणलेल्या गाडीचं ऑइल पार्किंगभर सांडलं: इंजिन, फरशी आणि मेकॅनिकचा हिशोब

विचारलेलं थोडक्यात असं. इंदूरला लोकमान्य नगरजवळच्या एका मल्टीत (बहुमजली इमारतीत) राहणाऱ्या कुटुंबाने आपली १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक सकाळी जवळच्या गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलायला दिली. संध्याकाळी चारेक किलोमीटर चालवून घरी आणताना फाटकाशी डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी तशीच उतारावरून पार्किंगमध्ये नेली आणि दहा मिनिटांत तिच्याखाली परातीपेक्षा मोठं थारोळं झालं. फाटकापासून खालपर्यंत तेलाचा पट्टा आहे. चौकीदार पाइप घेऊन धुवायला उभा आहे आणि मेकॅनिक फोनवर म्हणतोय, "ले आओ भिया, कस देंगे." इंजिन गेलं का, फरशी कशी साफ करायची आणि मेकॅनिककडून काय मागायचं?

सगळ्यांत आधी दोन गोष्टी थांबवा, इंजिन आणि पाणी. किल्ली काढून खिशात ठेवा. "जरा चालू करून बघू, कुठून गळतंय ते" असं म्हणणाऱ्याच्या हाती ती देऊ नका, मग तो कितीही जाणकार असो. आणि चौकीदाराला पाइप बंद करायला सांगा. पाण्याने तेल धुतलं जात नाही, फक्त लांब जातं. १ लिटर तेल पाण्यावर एक मायक्रॉनच्या थराने पसरलं तर १,००० चौरस मीटर झाकतं, आणि तुमच्या गाडीत तीन लिटरच्या वर तेल होतं. पार्किंगच्या जाळीतून ते नाल्यात जाणार, नाल्यातून कान्ह नदीत, आणि कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. त्याहून जवळचा धोका तुमच्याच आवारात आहे. पुष्कळ मल्टींमध्ये पावसाचं पाणी बोअरशेजारच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडलेलं असतं. तेल त्या खड्ड्यात उतरलं की आतली खडी आणि रेती उपसून बदलावी लागते, आणि तोवर बोअरच्या पाण्याची धास्ती राहते ती वेगळीच. म्हणून जाळी आणि त्या खड्ड्याचं तोंड, दोन्हीपुढे ओलं गोणपाट अंथरा आणि त्यावर रेतीचा हातभर रुंद बांध घाला. तेल उताराने ज्या बाजूला सरकतंय तिकडे आधी, मग बाकीच्या बाजू.

आता गाडी. हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा आणि जिथून ठिबकतंय त्याखाली जुनी परात किंवा घमेलं सरकवा. गळती चालू असताना गाडी हलवू नका, कारण एका ठिकाणचं थारोळं साफ करणं सोपं, दहा फुटांचा पट्टा कठीण. बोनेट उघडून धूर येतोय का बघा. तेल सायलेन्सरच्या गरम भागावर पडलं की पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. इंजिन ऑइलची वाफ साधारण दोनशे अंशांच्या वर पेट घेण्याजोगी होते, आणि नुकत्याच चाललेल्या गाडीचं एक्झॉस्ट त्याहून गरम असू शकतं. त्यामुळे अर्धा तास कोणालाही गाडीखाली हात घालू देऊ नका, बिडी-सिगारेट लांब ठेवा आणि मल्टीतलं पावडरचं अग्निशामक जवळ आणून ठेवा. गरम धातूवर पाणी तर मुळीच मारू नका.

थंड होईपर्यंत मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ घ्या: थारोळं, उतारावरचा पट्टा, डॅशबोर्डवरचा किलोमीटरचा आकडा आणि गॅरेजचं बिल. डिपस्टिक पुसून, घालून, परत काढून तिचाही फोटो घ्या. पुढे हिशोबाला हेच उपयोगी पडतं, आणि साफसफाई झाल्यावर ते परत मिळत नाही.

मग तेलाचा रंग बघा. ही साधी गोष्ट आहे, पण तिने अर्धं निदान होतं. पेट्रोल गाडीत आज सकाळी भरलेलं ऑइल मधासारखं, आरपार दिसणारं असतं. ते थारोळ्यात दिसलं तर गळती खरी आहे आणि आत्ताची आहे. थेंब काळेकुट्ट आणि डिपस्टिकवरची पातळी पूर्ण असेल, तर बहुधा जुना फिल्टर काढताना सांडलेलं शे-दोनशे मिली तेल खालच्या प्लॅस्टिकच्या संरक्षक पत्र्यावर साचलंय आणि आता निथळतंय. तसं असेल तर घाबरायचं कारण नाही, पत्रा काढून पुसला की झालं. डिझेल गाडीत मात्र ही खूण चालत नाही, तिथे नवं तेल पहिल्याच फेरीत काळं पडतं.

तुमच्या बाबतीत लाल दिवा लागलाय, म्हणजे गळती खरी आहे. ती कुठून, हे टॉर्चने खालून पाहा. गाडी वर घ्यायची असेल तर नुसत्या जॅकवर नाही, स्टँड लावूनच. सगळ्यांत खालचा चेंबरचा (इंजिनाखाली तेल साठतं त्या भांड्याचा) नट ओला आणि वरचा भाग कोरडा असेल तर नट ढिला राहिलाय किंवा त्याचा वॉशर गेलाय. तो तांब्याचा वा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर दाबला जाऊन बसतो आणि दर वेळी नवा टाकायचा असतो. दहा-वीस रुपये वाचवायला जुनाच उलटा करून लावला की नट कितीही आवळा, पाझर राहतोच. मग तो थांबवायला मेकॅनिक आणखी जोर लावतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरमधले आटे उडवतो. हा नट बहुतेक लहान गाड्यांत ३० ते ४० न्यूटन-मीटरवर कसायचा असतो, म्हणजे हातभर लांबीच्या पान्याला मध्यम जोर. पान्यावर पाइप चढवून, पायाने दाबून कसलेला नट आज गळत नसला तरी पुढच्या सर्व्हिसला गळणार. आटे गेलेच असतील तर उपाय दोन: नवं चेंबर, किंवा हेलिकॉइल (आट्यांच्या मापाची तारेची गुंडाळी) घालून मूळ मापाचे आटे परत बसवणं. एम-सील थापणं, टेफ्लॉन टेप गुंडाळणं किंवा आटे कापत घुसणारा जाडा नट ठोकणं हा उपाय नव्हे. अशा जोडातून गरम तेल आज ना उद्या रस्त्यावर येतं, आणि टेपचे तुकडे आत गेले तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात.

तेल फिल्टरभोवती उडालेलं, बाजूच्या भागांवर फवारल्यासारखं दिसत असेल तर मला पहिला संशय दुहेरी रबर रिंगचा येईल. जुना फिल्टर काढताना त्याची रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. मेकॅनिकने बोट फिरवून पाहिलं नाही तर नवा फिल्टर तिच्यावरच बसतो. गॅरेजमध्ये इंजिन नुसतं चालू करून बघितलं तेव्हा काही गळत नाही, कारण आळशी चालीत, म्हणजे रेस न देता, दाब कमी असतो. गाडी रस्त्यावर आली, वेग वाढला, दाब चार-पाच बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) गेला की दोन रिंगांपैकी एक सरकून बाहेर येते आणि तेल पिचकारीने उडतं. पंप मिनिटाला कित्येक लिटर तेल फिरवतो, त्यामुळे मिनिट-दोन मिनिटांत चेंबर रिकामं होऊ शकतं. "गॅरेजमध्ये तर ठीक होती, रस्त्यात काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा हेच असतं. फिल्टर काढताना फोटो घ्या, दोन रिंगा दिसल्या तर चूक कोणाची यावर वादच उरत नाही. नवा फिल्टर बसवताना खालचा गोल भाग पुसून कोरडा करायचा, नव्या रिंगवर तेलाचं बोट फिरवायचं, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवायचं आणि त्यापुढे साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळायचं काम नाही.

इंजिनाचा माथाच ओला असेल तर ऑइल भरायचं झाकण राहिलंय किंवा डिपस्टिक नीट बसलेली नाही. ही चूक दिसायला भीषण, कारण सगळं इंजिन तेलाने माखतं, पण तेल प्रमाणात कमी जातं. आणि क्लचच्या बाजूने, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकत असेल तर तो मागचा ऑइल सील असतो. त्याचा ऑइल बदलण्याशी थेट संबंध नसतो, तिथे मेकॅनिकला दोष देण्याआधी तेल जास्त भरलं होतं का ते डिपस्टिकवरून तपासा.

"ले आओ" या सल्ल्याचं उत्तर सरळ नाही असं द्या. त्याला नट, वॉशर, फिल्टर आणि ऑइलचा सीलबंद कॅन घेऊन तुमच्याकडे बोलवा. चेंबरचा नट बदलणं किंवा फिल्टर बसवणं पार्किंगमध्येही अर्ध्या तासाचं काम आहे. आटे गेले असतील आणि गाडी न्यावीच लागली तर इंजिन बंद ठेवून ओढून न्या. मॅन्युअल गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये दोरीने चालते, पण इंजिन बंद असल्याने ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात हे चालवणाऱ्याला आधी सांगा. ऑटोमॅटिक असेल तर सपाट ट्रकवर चढवूनच.

आता इंजिन गेलं का. तो लाल दिवा तेलाच्या पातळीचा नाही, दाबाचा आहे, आणि तो दाब जवळपास संपल्यावरच लागतो. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच अर्ध्या बारच्या आसपास काम करतो. म्हणजे तो आगाऊ सूचना देत नाही, घटना घडत असल्याचं सांगतो. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसाहून कितीतरी पातळ तेलाचा थर असतो. तो गेला की धातू धातूला घासतो आणि बेअरिंगचा मऊ थर वितळायला लागतो. त्यामुळे किती तेल सांडलं यावरून इंजिनाचं भवितव्य ठरत नाही. दिवा लागल्यावर इंजिन किती वेळ आणि किती वेगाने फिरलं, यावर ठरतं. वळणावर किंवा सिग्नलला दिवा नुसता लुकलुकला असेल तर तेल अधूनमधून पोचत होतं, बहुधा काही झालेलं नाही. तुमच्यासारखा फाटकापासून पार्किंगपर्यंत, म्हणजे अर्ध्या-एक मिनिटाचा, कमी वेगाचा प्रकार असेल तर वाचण्याची शक्यता चांगली आहे, पण तपासल्याशिवाय गृहीत धरू नका. दिवा लागलेला असताना एक-दोन किलोमीटर रेटली असेल तर पुढची प्रत्येक पायरी गंभीरपणे करा. टर्बो असलेली गाडी असेल तर आणखी काळजी, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे फिरतो आणि तेल तुटलं की त्याला झळ लवकर बसते.

गळती बुजवल्यावर लगेच सेल्फ मारू नका. आधी चेंबरमध्ये उरलेलं तेल मोजपात्रात काढा. लहान हॅचबॅकमध्ये फिल्टरसह साधारण ३ ते ३.५ लिटर बसतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. त्यातून उरलेलं वजा केलं की किती सांडलं ते कळतं. हा आकडा लिहून ठेवा, फरशीच्या कामालाही लागेल. मग पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं नवं तेल भरा. फिल्टर उभा, तोंड वर असा बसत असेल तर तो आधी तेलाने भरून घ्या. गाडीतल्या इंधन-पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि सेल्फने पाच ते दहा सेकंद फिरवा. अर्धा मिनिट थांबून पुन्हा. तीन-चार वेळा केल्यावर दिवा विझायला हवा. विझला तरच फ्यूज लावून इंजिन चालू करा आणि रेस न देता आळशी चालीवर ठेवा. सहा-सात फेऱ्यांनंतरही दिवा विझत नसेल तर थांबा, ऑइल पंप तेल ओढत नाही किंवा त्याची जाळी तुंबली आहे.

कान इंजिनाच्या दोन जागी लावा. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) असते, आतलं तेल निघून गेल्याने ते पोकळ वाजतात आणि मिनिट-दोन मिनिटांत गप्प होतात. खालून येणारा जड, खोल ठक-ठक आवाज, जो रेसबरोबर वाढतो, तो बेअरिंगचा. तो ऐकू आला की तत्क्षणी बंद करा आणि चेंबर उतरवून क्रँकवर बसणारी बिग-एंड बेअरिंग बघा. याच टप्प्यावर थांबलात तर कदाचित बेअरिंग बदलून क्रँक वाचतो. "चालवून बघू, बसेल आवाज" म्हणत आणखी पन्नास किलोमीटर काढलेत तर क्रँक घासावा लागतो, आणि मग इंजिन पूर्ण उघडण्याचा खर्च येतो.

आवाज नसला तरी एक तपासणी हट्टाने करून घ्या: दाबाचा स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावणं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आळशी चालीत साधारण १ बारच्या आसपास आणि मिनिटाला ३,००० फेऱ्यांना २ ते ३ बार दाब दिसावा. अचूक मर्यादा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली धरायची. थंड इंजिनावर घेतलेला आकडा निरर्थक आहे, थंड घट्ट तेल झिजलेल्या बेअरिंगवरही चांगला दाब दाखवतं.

तेलाने भिजलेले रबराचे भाग लोक विसरतात आणि दोन महिन्यांनी दुसऱ्याच बिघाडाच्या नावाने पैसे भरतात. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तेलात भिजला असेल तर पुसून चालत नाही, रबर फुगतं आणि पट्टा सरकतो, तो बदलाच. इंजिन माउंट, सस्पेन्शनचे बुश आणि होज यांवरचं तेल त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने काढा. ब्रेकच्या डिस्कवर उडालं असेल तर ब्रेक क्लीनरने धुता येतं, पण पॅडमध्ये मुरलं तर पॅड नवे टाका, दोन्ही बाजूंचे एकदम. खालचा प्लॅस्टिक पत्रा काढून पुसलाच पाहिजे, नाहीतर पुढचे आठ दिवस तो ठिबकत राहील आणि गळती पुन्हा सुरू झाली की काय हे तुम्हाला कळणार नाही. इंजिन धुणं मल्टीत नको. अल्टरनेटर आणि वायरिंगचे जोड पॉलिथिनने झाकून, इंजिन थंड असताना, तेल वेगळं करणारा हौद असलेल्या वॉशिंग सेंटरवर करा.

फरशीचं काम खरं तर इंजिनाची वाट न बघता समांतर सुरू करायला हवं. मे महिन्यात इंदूरची तापलेली फरशी तेल इतकं पातळ करते की पंधरा मिनिटांत ते छिद्रांत शिरतं. थारोळ्याचा अंदाज असा बांधा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर १ लिटर. आरामशीनवरून कोरडा लाकडाचा भुसा आणा. १ लिटर तेलाला चार-पाच लिटर मापाचा भुसा पुरतो, म्हणजे तीन लिटरला एक भरलेली मोठी बादली, आणि दुसऱ्या फेरीसाठी आणखी एक जवळ ठेवा. भुसा नसेल तर बांधकामावरची कोरडी नर्मदेची रेती चालते, पण ती तेल कमी धरते, लिटरला आठ-दहा किलो लागते. ओली रेती उपयोगाची नाही, तिच्या फटी आधीच पाण्याने भरलेल्या असतात. भुसा बाहेरच्या कडेपासून आत टाकत या, मध्ये फेकलात तर तेल कडेने पळतं. पायातल्या जुन्या चपलेने किंवा खराट्याच्या बुंध्याने तो चोळा, वीस मिनिटं थांबा, सुपलीने घमेल्यात भरा. मग दुसरा थर, हा रात्रभर राहू द्या. त्यावर कोणी चालू नये म्हणून दोरी बांधा. तळव्याला लागलेलं तेल लिफ्टपर्यंत आणि घरातल्या फरशीवर जातं, आणि जिन्यात म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला तर ते नुकसान कुठल्याच बिलात भरून निघत नाही.

रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल ओतून धुणं गॅरेजमध्ये सर्रास चालतं. इथे ते करू देऊ नका. तेल पातळ होऊन दगडात आणखी खोल जातं, आणि बंद पार्किंगमध्ये पेट्रोलची वाफ जमिनीलगत साठते, तिला एक ठिणगी पुरते. दुसरी चूक टॉयलेटचं अ‍ॅसिड. अ‍ॅसिड तेलाला काहीच करत नाही, सिमेंट मात्र खातं. आणि तुमच्या पोर्चमध्ये कोटा फरशी असेल तर तो चुनखडीचाच दगड आहे. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो, चकाकी जाते आणि डाग तसाच राहून भोवती पांढरा चट्टा उठतो, तो पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

भुसा उचलल्यावर उरतो तो डाग. काँक्रीटवर १ लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून हातमोजे घालून ओता, वर थोडी डिटर्जंट पावडर भुरभुरवा, नायलॉनच्या ताठ ब्रशने घासा आणि अर्धा तास राहू द्या. तयार झालेला काळा फेस पाइपने जाळीकडे ढकलू नका, त्यावर पुन्हा भुसा टाकून उचला. पाणी येतं ते सगळ्यांत शेवटी, आणि तेही बादलीभरच.

कोट्याला लेप सगळ्यांत चांगला. मुलतानी माती, भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी यांचं श्रीखंडाइतकं घट्ट मिश्रण करा आणि डागाच्या बाहेर दोन बोटं जाईल असं पाऊण-एक सेंटिमीटर जाड थापा. १ किलो मातीत साधारण एक फूट बाय एक फूट जागा झाकते. वर पॉलिथिन पसरून कडा चिकटपट्टीने बंद करा. चोवीस तासांनी पॉलिथिन काढा आणि लेप पूर्ण सुकू द्या. ओढण्याचं काम तो सुकतानाच होतं, पाणी वर येतं आणि तेलाला बरोबर घेऊन येतं. म्हणून घाईने ओला खरवडू नका. सुकलेली माती लाकडी पट्टीने काढून पुसा. पहिल्या फेरीत डाग अर्धा फिका होतो, जुन्या दगडाला तीन फेऱ्या लागतात. आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर करून बघा.

पेव्हर ब्लॉकचं गणित वेगळं आहे. वरचा डाग दिसतो, पण खरं तेल फटींतून खालच्या रेतीत उतरलेलं असतं आणि पावसात तवंग होऊन वर येतं. डागाखालचे सहा-आठ ब्लॉक पहारीने उचला, तेलकट रेती दोन-तीन इंच काढून नवी भरा आणि डागाळलेले ब्लॉक कुंड्यांखालच्या स्वच्छ ब्लॉकशी अदलाबदल करून बसवा. हा दोन तासांचा उद्योग घासण्याच्या दोन दिवसांपेक्षा स्वस्त पडतो. डांबरावर मात्र घासूच नका. तेल डांबर विरघळवतं. तिथे फक्त भुसा टाकून पटकन उचला, आणि चार दिवसांनी जागा बोटाने दबत असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा भरून घ्यावा लागेल. बागेच्या मातीत गेलं असेल तर माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते आणि तेल भेगेतून हात-दीड हात खाली जातं. भेगेच्या मागोमाग खणा. पावसाळ्यात फुगलेल्या मातीत ते वरच्या वितीतच राहतं.

गॅरेजपासून घरापर्यंत, केसरबाग रस्त्यासारख्या रहदारीच्या ठिकाणी पट्टा पडला असेल तर तो आजच बघून या. दुचाकीवाल्याला तेल दिसत नाही, आणि पहिल्या सरीत ते सगळ्यांत निसरडं होतं. वळणावर, गतिरोधकापाशी जाड ठिपके असतील तर रेती टाका आणि महापालिकेला इंदूर ३११ अ‍ॅपवर फोटोसह कळवा. वाहनं घसरत असतील तर ११२ वर फोन करा. तुम्ही कळवलंत म्हणून तुमच्यावर काही येईल या भीतीने गप्प बसू नका.

तेलकट भुसा, रेती, चिंध्या यांचं काय करायचं? जाळायचं नाही, नाल्यात नाही, रिकाम्या प्लॉटवरही नाही. वापरलेलं तेल हा २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येणारा कचरा आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्यांवर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारीही टाकलेली आहे. जाड पॉलिथिनच्या दुहेरी पिशव्यांत भरून तोंड बांधा, वर नाव लिहा आणि गॅरेजवाल्यालाच परत न्यायला लावा, सांडलेलं तेल त्याच्या कामाचं आहे. परातीत जमलेलं तेलही त्याच्याच ड्रममध्ये जाईल. घरात उरलेल्या दोन-चार चिंध्या कचऱ्याच्या गाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या डब्यात द्या. आणि हे काळं तेल भटक्या कुत्र्यांच्या खरजेवर लावायला कोणी मागितलं तर कृपा करून देऊ नका. त्यात धातू आणि विषारी संयुगं असतात, कुत्रं ते चाटतं आणि हाल होऊन मरतं.

राहिला मेकॅनिक. चूक मान्य करून धावत येणारा मेकॅनिक असेल तर त्याला धरून ठेवा, तो पुढेही कामाला येईल. पण मागणी बिलावर लिहून घ्याच: नवं ऑइल, फिल्टर आणि वॉशर फुकट, आटे गेले असतील तर हेलिकॉइल किंवा चेंबर, भिजलेला पट्टा, दाबाच्या तपासणीचे आकडे, ५०० किलोमीटरनंतरचा ऑइल बदल त्याच्या खर्चाने, फरशी साफ करण्याची मजुरी, आणि पुढचे सहा महिने किंवा ५,००० किलोमीटर इंजिनात तेलाअभावी बिघाड निघाला तर जबाबदारी त्याची. तो "काही झालेलं नाही" म्हणत असेल तर या शेवटच्या ओळीवर सही करायला त्याला अडचण नसावी.

तो हात वर करत असेल आणि इंजिनात आवाज असेल तर त्याच्याकडे इंजिन उघडू देऊ नका. अधिकृत वर्कशॉपचं लेखी मत घ्या, उघडण्याची तारीख त्याला मेसेजवर कळवा, उघडताना चित्रीकरण करा आणि बेअरिंग, वॉशर, फिल्टर पिशवीत घालून जपा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून ती घरूनही दाखल होते. विम्यावर फार विसंबू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत, आणि इंजिन प्रोटेक्टची जोड घेतलेली असली तरी तिच्यात मेकॅनिकची चूक बसते का हे पॉलिसीचे शब्द वाचूनच कळेल.

दुरुस्तीनंतर आठ दिवस रोज रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि चाकांच्या जागी पेनाने खुणा करा, म्हणजे थेंब इंजिनाच्या कुठल्या भागाखाली पडला ते कळेल. पहिल्या दोन-तीन दिवसांतले सुट्टे थेंब आधीचे निथळणारे असू शकतात, पण चौथ्या दिवशीही त्याच जागी मधाच्या रंगाचा डाग असेल तर जोड पुन्हा उघडायला लावा. डिपस्टिक रोज सकाळी, सपाट जागी, इंजिन थंड असताना बघा. दोन खुणांमधलं अंतर साधारण १ लिटरचं असतं, त्यावरून किती घटलं ते काढता येतं. ५०० किलोमीटरला तेल बदलताना ते स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढायला सांगा आणि जुना फिल्टर करवतीने नव्हे, कटरने कापून घ्या. करवतीचा कीस आत पडला तर तो कुठला आणि इंजिनाचा कुठला हे ओळखता येत नाही. फिल्टरचा कागद पसरून उन्हात धरा. अधूनमधून एखादा बारीक करडा कण चालतो. तांबूस किंवा चंदेरी चकचकीत कण, जे चुंबकाला चिकटत नाहीत, ते बेअरिंगचे. तसे दिसले तर आवाज नसला तरी चेंबर त्याच दिवशी उतरवा.